वार पडल्यानंतर

(बाळंतिणीची खोली. बाजेखाली शेगडी.)

निखाऱ्यावर ओवा, बाळंतशोपा, लसणाच्या साली. घटकाभरात धुरी सगळ्या बाजेला वेढून घेईल. आज पाचवी. पाटा-वरवंटा पुजून झालाय, शेजारी कोरा कागद आणि पेन. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते म्हणतात.

बाळाच्या आईला कालपासून सारखं रडू येतंय. कुणी म्हणतं वारं लागलं, कुणी म्हणतं थेरं.

(प्रसूतिगृह. ट्रे.)

बाळ रडलं की सगळ्या नजरा बाळाकडे वळतात. सिस्टर मात्र वार बघते. पूर्ण पडली ना? तुकडा आत राहिला नाही ना?

ही ती वार, पोटात बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, साधारण अर्धा किलोची. तिसऱ्या महिन्यापासून प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक बनवण्याचं मुख्य काम हिचं. त्यापासून शरीर आणखी एक द्रव्य घडवतं, अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन. मेंदूत ‘गाबा’ नावाची यंत्रणा आहे, पेशींचा गलका शमवणारी. तिला हे द्रव्य बळ देतं. वार पडते आणि नऊ महिने चढत गेलेली पातळी थोड्या दिवसांत कोसळते.

ही घसरण मनावर येत असेल, तर सगळ्याच जणींना बाळंतपणानंतरचं नैराश्य का येत नाही? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी हेच तपासलं. निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. १६ स्त्रिया, गरोदर एकही नाही. औषधांनी त्यांची संप्रेरकं गरोदरपणासारखी वाढवली आणि आठ आठवड्यांनी एकदम थांबवली. आठ जणींना आधीच्या बाळंतपणानंतर नैराश्य आलं होतं. त्यांतल्या पाच जणी पुन्हा खचल्या. बाकीच्या आठांपैकी एकीलाही काही झालं नाही. उतार सगळ्यांचा सारखाच होता, तो सोसणारे मेंदू वेगळे. म्हणूनच रक्ताचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, तरी बाई खोटं सांगत नसते.

पहिल्या आठवड्यातलं रडू बहुधा आपसूक ओसरतं. पंधरवडा उलटूनही टिकलं तर तो आजार आहे. त्यावर उपचार आहेत. न केल्यास जिवावरही बेतू शकतं.

(सातवा दिवस. अंगण.)

आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविका, आल्यात. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा वेळा त्या घरी येतात. नैराश्य ओळखायला १९८७ पासून एडिंबरा प्रश्नावली आहे. अवघे दहा प्रश्न, पहिला हसू येतं का याचा. सहांतल्या एका भेटीत ती विचारायला पाचेक मिनिटं पुरतील.

झोळी काट्याला लटकते. बाळाचं वजन वहीत उतरतं, मग ताप बघितला जातो.

आई मागे, दाराच्या चौकटीत उभी आहे.