एसीला हात लावण्याआधीची दहा मिनिटं

आयटीआयचा रेफ्रिजरेशनचा कोर्स संपला की तुमच्यातले बरेच जण घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्यांत जातील. ॲपवर ‘पार्टनर’ म्हणतील, पण पेट्रोल, एसी धुवायचा जेट पंप, वायरमधला करंट मोजायचा क्लॅम्प मीटर, सगळं पदरचं. स्लॉट तासाभराचा असतो. गेटवरची नोंद, लिफ्ट, सोफा सरकवणं त्यातच आलं. हाती पाऊण तास उरतो आणि म्हणून नवा मुलगा घरात शिरताच पंप जोडतो. चूक तिथेच होते.

आधी एसी चालू करा. सेटिंग 16 वर, पंखा फुल, दहा मिनिटं. मग थर्मामीटरने आत ओढली जाणारी आणि बाहेर फेकली जाणारी हवा मोजा. फरक साधारण 8 ते 12 अंश हवा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात तो थोडा कमीच येतो, कारण मशीनची बरीच ताकद हवेतला ओलावा काढण्यात जाते. आउटडोअरच्या वायरला क्लॅम्प मीटर लावून अँपिअर बघा आणि नेमप्लेटशी ताडा. पाणी कुठे टपकतं का, आवाज येतो का, रिमोट चालतो का, तेही पाहा. आकडे ग्राहकाला दाखवून फोटो ॲपवर चढवा. हे केलं नाही, तर संध्याकाळी फोन येतो, ‘तुमचा माणूस येऊन गेला आणि एसी बिघडला.’ एसी आधीच बिघडलेला होता हे तेव्हा कुणाला पटवणार? रीवर्कची, म्हणजे तेच काम पुन्हा करायची फेरी फुकट आणि रेटिंगही घसरतं.

कॉइलवर बर्फ दिसला की लगेच ‘गॅस कमी’ म्हणू नका. संपूर्ण कॉइल गोठली असेल, तर बहुधा हवा अडली आहे. फिल्टर किंवा ब्लोअर बघा. बर्फ फक्त बारीक पाइप जिथे आत शिरतो तिथेच असेल, तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त. आणि गॅस काही पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे गळला. बहुतेकदा पाइप जोडणाऱ्या फ्लेअर नटपाशी किंवा कॉइलमध्ये. गळती न शोधता टॉप-अप मारणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. रीत अशी: नायट्रोजनने प्रेशर टेस्ट, साबणाचा फेस, दुरुस्ती, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा ओढून दाब 500 मायक्रॉनच्या खाली, मग नेमप्लेटवर लिहिलेला गॅस वजनकाट्यावर मोजून. यातला व्हॅक्यूम सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो, कारण त्याला वेळ लागतो आणि तो ग्राहकाला दिसत नाही. आर-32 हा गॅस पेट घेऊ शकतो. सिस्टिममध्ये गॅस असताना पाइप जोडायचा ज्योतीचा टॉर्च पेटवायचा नाही.

धुताना मेन स्विच बंद. इन्व्हर्टर मशीन असेल, तर आउटडोअरचं कव्हर उघडण्याआधी पाच-दहा मिनिटं थांबा आणि मीटरने खात्री करा. बोर्डवरच्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर डीसी साठलेला असतो. इनडोअरचं पीसीबी (सर्किट बोर्ड) प्लॅस्टिकने बांधा, खाली पाणी झेलणारं जॅकेट लावा. जेट फिन्सच्या, म्हणजे कॉइलवरच्या पातळ पट्ट्यांच्या रेषेत सरळ मारा, तिरका मारलात तर फिन्स वाकतात. ॲसिड नको. ते ॲल्युमिनियम खातं.

आता ती तक्रार, जी सगळ्यात जास्त येते: ‘सर्व्हिसनंतर पाणी गळतंय.’ कॉइलवरचा गाळ जेटने सुटून ड्रेन ट्रेच्या तोंडाशी बसतो. त्या दिवशी काही होत नाही, दोन-तीन दिवसांनी भिंत ओली. म्हणून शेवटी ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओता आणि ते बाहेरच्या टोकाला सरळ पडतंय का, बघा. पाइपचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं असेल तर बाहेर काढा. हवा अडते आणि पाणी मागे फिरतं.

छज्ज्यावरच्या आउटडोअरबद्दल एवढंच: सेफ्टी बेल्ट आणि तो अडकवायला पक्की जागा, दोन्ही असेल तरच उतरायचं. खिडकीचं ग्रिल ही पक्की जागा नव्हे. नसेल तर ॲपवर ‘असुरक्षित’ नोंदवा, फोटो जोडा आणि निघा. पैसे बुडतील, कदाचित रेटिंगही जाईल. ग्राहक म्हणेल, ‘मागच्या वेळी आलेला मुलगा तर उतरला होता.’ म्हणू द्या.