उत्तर न आलेल्या अर्जांची वही

आत्ता माझी ओळख करून देताना बरंच चांगलं बोललं गेलं. त्यातलं निम्मं मीच लिहून दिलं होतं. एक गोष्ट मात्र मुद्दाम लिहून दिली नव्हती. नोकरभरतीच्या कामात माझी २६ वर्षं गेली हे खरं, पण त्याआधीचे १४ महिने मी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत होतो. १४ महिन्यांत १०७ अर्ज. आकडा पाठ आहे, कारण ती वही अजून माझ्याकडे आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘लांबलेला नोकरीशोध आणि खचणारं मन : काही उपाय’. उपायांकडे येतोच, आधी जरा पार्श्वभूमी सांगतो. पुढच्या रांगेतले दोघे आत्ताच हसले. त्यांनी मला आधी ऐकलेलं दिसतंय.

त्या १०७ अर्जांपैकी ९ ठिकाणी मुलाखतीला बोलावणं आलं, २३ ठिकाणांहून नकाराचं पत्र आलं आणि ७५ ठिकाणांहून काहीही नाही. पुढे ते ७५ चे ७४ झाले, त्याचंही सांगेन. तर माझं आजचं म्हणणं या ७५ बद्दल आहे. नकार पचतो. दोन दिवस तोंड कडू होतं, आपण त्या कंपनीला मनसोक्त नावं ठेवतो आणि पुढच्या अर्जाला लागतो. मौन मात्र पचत नाही. उत्तर आलं नाही की ती रिकामी जागा आपण भरतो, आणि भरतो ती स्वतःच्या हस्ताक्षरात. ‘मार्क कमी होते म्हणून.’ ‘वय झालं म्हणून.’ ‘मध्ये गॅप आहे म्हणून.’ समोरच्याने काहीच म्हटलेलं नसतं. तरी तीन महिन्यांत आपण स्वतःविरुद्ध जाडजूड फाइल तयार केलेली असते आणि तिच्यातला एकही कागद बाहेरून आलेला नसतो.

आता तर मौनालाही आवाज मिळालाय. अर्ज पाठवल्यावर सेकंदभरात ईमेल येतो : ‘आपल्या रसाबद्दल आभारी आहोत. कृपया या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.’ म्हणजे बोलणं सुरू करायच्या आधीच दार लावून घेतलं. आमच्या वेळी निदान पोस्टमनकडे बघून चिडता यायचं.

त्या नऊ मुलाखतींपैकी एक सांगतो. कुठली ते सांगणार नाही. साडेदहाची वेळ दिली होती. मी सव्वादहाला हजर. लाकडी बाकावर आम्ही सात जण, प्रत्येकाच्या मांडीवर फाइल. शेजारचा मुलगा पेनाचं टोपण चावत होता. बारा वाजेपर्यंत त्याने ते चपटं करून टाकलं. दर अर्ध्या तासाने शिपाई यायचा, आमच्याकडे न बघता ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणायचा आणि जायचा. एकेक करत चौघे उठून गेले. अडीचला माझं नाव पुकारलं.

आत एक गृहस्थ बसले होते. त्यांनी माझी फाइल घेतली आणि प्लॅस्टिकचा एकेक कप्पा उलटायला लागले. एका कप्प्यात दोन प्रमाणपत्रं एकमेकांना चिकटली होती. त्यांनी ती नखाने हळूच सोडवली, कोपरा फाटू न देता. दोन मिनिटं तरी गेली असतील. मला वाटलं, एवढ्या जपून बघतायत म्हणजे जमणार! मग ते म्हणाले, ‘अक्षर छान आहे.’ फाइल मिटली. ‘जागा तशी गेल्या सोमवारीच भरली. पण बोलावलंच होतं, तर म्हटलं भेटून घ्यावं.’

यावर मी काय म्हणालो असेन? ‘थँक्यू सर.’

त्या गृहस्थांवरचा राग पुढे गेला. त्या ‘थँक्यू’चा गेलेला नाही. सव्वाचार तास बाकावर बसून, भरलेल्या जागेसाठी, मी आभार मानले! आजही आंघोळ करताना कधीतरी ते आठवतं आणि मी मोठ्याने वेगळं उत्तर देतो. घरच्यांना सवय झाली आहे.

त्या दिवशी मी सरळ घरी गेलो नाही. घरी प्रश्न असायचा, ‘काय झालं?’ अंधार पडेपर्यंत बाहेर बसून राहिलो. इथे नोकरी शोधणाऱ्यांचे घरचे कुणी असतील तर ऐका. तुम्ही काळजीने विचारता, पण तुमच्या त्या एका प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं, आणि ते तो रोज देत असतो. आमच्या ताईने त्यानंतर घरात फर्मान काढलं. नोकरीचं फक्त शनिवारी संध्याकाळी विचारायचं, तेही फक्त तिने. इतर दिवशी विषय बंद. घरातला निम्मा ताण त्या एका फर्मानाने उतरला. हाही एक उपायच समजा, पार्श्वभूमीतच सांगून झाला.

दुसरी गोष्ट माझ्या आवडीची आहे, म्हणून जरा वेळ घेईन. १९०० साली आईनस्टाईन झुरिकच्या पॉलिटेक्निकमधून पदवी घेऊन बाहेर पडला. बरोबरीच्या मुलांना सहायकाच्या जागा मिळाल्या, याला मिळाली नाही. मग ठिकठिकाणच्या प्राध्यापकांना पत्रं पाठवणं सुरू झालं. मार्च १९०१ मध्ये त्याने लाइपझिगच्या विल्हेल्म ऑस्टवाल्ड या नामवंत रसायनशास्त्रज्ञाला लिहिलं. उत्तर नाही. एप्रिलमध्ये पुन्हा एक कार्ड टाकलं : मागच्या पत्रात माझा पत्ता लिहिला होता की नाही, खात्री नाही, म्हणून परत कळवतो. आता मला सांगा, हे कार्ड इथल्या किती जणांनी लिहिलंय? ‘माझा मेल बहुधा स्पॅममध्ये गेला असेल, म्हणून पुन्हा पाठवत आहे’ हे त्याचंच आजचं रूप. त्यानंतर काही दिवसांनी त्याच्या वडिलांनी, हेर्मान यांनी, मुलाला न सांगता ऑस्टवाल्डना पत्र लिहिलं. पोरगा खचलाय, त्याला दोन ओळी तरी लिहा, अशी विनवणी केली. त्याचंही उत्तर आल्याचं कुठे दिसत नाही. नोकरी मिळाली ती १९०२ च्या जूनमध्ये, बर्नच्या पेटंट कार्यालयात, तिसऱ्या श्रेणीचा तांत्रिक तज्ज्ञ म्हणून. मध्ये त्याने वर्तमानपत्रात शिकवण्यांची जाहिरातही दिली होती, पहिले धडे फुकट.

तुम्ही सगळे आईनस्टाईन आहात, असं मला म्हणायचं नाही. मीही नव्हतो, १०७ अर्जांत ते पुरेसं सिद्ध झालं. मला यातली दुसरीच गोष्ट आवडते. १९१० च्या नोबेलसाठी आईनस्टाईनचं नाव पहिल्यांदा सुचवणारा माणूस कोण? हाच ऑस्टवाल्ड. म्हणजे १९०१ च्या त्या मौनाचा अर्थ ‘हा मुलगा कामाचा नाही’ असा असेलच कसा? टपाल खूप असेल, जागा नसेल, पत्र कुठेतरी दबलं असेल. पण बापलेकांनी त्या मौनात काय काय वाचलं असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

मी नंतर टेबलाच्या अलीकडे आलो तेव्हा त्या मौनाच्या आतली बाजू पाहिली. एका जागेसाठी ४०० अर्ज आलेले. साठेक वाचून झाले, त्यांत सहा बरे सापडले, मी थांबलो. उरलेले ३४० कुणी वाचलेच नाहीत. त्यांत त्या सहांपेक्षा सरस कुणी होता का? असेलही. हे माझ्या हातून एकदा नाही, अनेकदा झालंय. कधी जागा आतल्या माणसाला द्यायची ठरलेली असते आणि जाहिरात नियमापुरती असते. कधी मध्येच पैसे मंजूर होत नाहीत. कधी ज्याला माणूस हवा होता तोच नोकरी सोडून जातो. यातलं उमेदवाराला काहीच कळत नाही. तो घरी बसून आपलं इंग्रजी कच्चं असल्याचं ठरवत असतो.

थोडं गणित करू. समजा १०० माणसं आहेत, सगळी सारख्याच लायकीची, आणि प्रत्येक अर्जाला यश मिळायची शक्यता २ टक्के. प्रत्येकाने ५० अर्ज केले. तरी ३६ जणांचे हात रिकामे राहतील. १०० अर्जांनंतरही १३ जण तसेच. लायकी सारखीच धरली होती, हे विसरू नका. ते १३ जण मात्र आता आरशात बघायचं टाळत असतील.

त्यात आणखी एक अन्याय असा की वेळ जाईल तसं मौन वाढतं. अमेरिकेत संशोधकांनी सुमारे १२,००० बनावट अर्ज पाठवून पाहिले. तो अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. पात्रता सारखी, फक्त बेकारीचे महिने वेगवेगळे. पहिल्या आठ महिन्यांत बोलावणं येण्याचं प्रमाण झपाट्याने घसरत गेलं. माणूस तोच होता. अशाने कंटाळून कुणी शोधच थांबवला, की सरकारी गणनेत तो बेरोजगार धरला जात नाही, कारण काम शोधत असणं ही त्या व्याख्येची अट आहे. म्हणजे हताश झालात तर बेरोजगारांच्या यादीतूनही नाव जातं. ती एकच यादी होती जिथे आपली निवड पक्की होती!

चिठ्ठी आली आहे. ‘सात मिनिटं.’ बरं. मग उपाय. पळत पळत सांगतो.

माझ्या वहीत तीन रकाने होते : कुठे पाठवलं, कधी पाठवलं, काय झालं. तिसरा रकाना कोरा राहायचा आणि तोच डोळ्यांसमोर नाचायचा. सातव्या महिन्यात मी ठरवलं, २१ दिवस वाट बघायची. २२ व्या दिवशी आपणच लाल पेनाने लिहायचं, ‘बंद’. निर्णय त्यांचा येवो न येवो, वाट पाहणं कधी संपवायचं ते माझ्या हातात. नंतर उत्तर आलं तर आनंदच आहे. हे ऐकायला पोरकट वाटतं, मलाही वाटलं होतं, पण त्यानंतर मी दाराकडे कान लावून बसणं सोडलं. एक सावधगिरी : गणित दर वेळी ढाल म्हणून वापरू नका. तीस-चाळीस अर्जांवर एकही मुलाखत नसेल तर बायोडेटा दुसऱ्याला दाखवा. मुलाखती होतात पण पुढे काही होत नाही, तर मुलाखतीची तालीम करा.

दुसरं म्हणजे वेळ. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गावातली गिरणी बंद पडून जवळजवळ सारं गाव बेकार झालं, त्याचा १९३१-३२ मध्ये अभ्यास झाला. लोकांना वाचायला वेळच वेळ होता, तर वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. रस्त्याने चालणारे पुरुष पुन्हा पुन्हा थांबायचे. बायकांना घरचं काम होतंच, त्या झपझप जायच्या. एकाने दिवसाचा तक्ता भरताना लिहिलं, ‘तेवढ्यात दुपार होते.’ ही ओळ मी विसरत नाही. म्हणून नोकरीशोधाला कार्यालयासारखी वेळ द्या. दहा ते एक म्हणजे दहा ते एक. एकला दुकान बंद, आणि दुपारी असं काही काम ज्यासाठी कुणीतरी तुमची वाट बघत असेल. लहान मुलांना शिकवणंही चालेल.

तिसरं, ओळखी. वशिला म्हणत नाही, ओळखी म्हणतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं, ज्याने त्या नोकरीचं सांगितलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? वरचेवर भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीचे सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. जवळच्या माणसांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत आहे. आईनस्टाईनची पेटंट कार्यालयाची वाटही मित्राच्या वडिलांच्या शब्दाने उघडली. तेव्हा नोकरी नाही म्हणून लग्नाकार्याला जायचं टाळू नका. नेमका तिथलाच कुणी दूरचा माणूस कामाचा निघतो.

चौथं, लिहा. १९९४ च्या एका अभ्यासात नोकरी गेलेल्या माणसांनी पाच दिवस, रोज २० मिनिटं, त्या घटनेबद्दल मनातलं सगळं लिहिलं. न लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना लवकर नोकऱ्या लागल्या, आणि त्यांनी काही जास्त अर्ज केले नव्हते. आतला कडवटपणा मुलाखतीत बाहेर पडेनासा झाला असावा. मीही त्या ‘अक्षर छान आहे’वाल्या साहेबांना चार पानी पत्र लिहिलं होतं. टाकलं नाही. अक्षर मात्र खरंच छान आलं होतं.

आणि झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर वह्याबिह्या बाजूला ठेवा, आजच डॉक्टरकडे जा आणि घरात एकाला तरी सांगा. हे मी घाईत म्हणतोय, पण घाईत ऐकू नका.

दुसरी चिठ्ठी आली. ७५ चे ७४ कसे झाले ते राहिलं. मला नोकरी लागून पाच महिने झाले होते. एक दिवस घरी लिफाफा आला, ६३ क्रमांकाच्या अर्जाचं उत्तर. वर्षभरापूर्वी केलेला अर्ज, वहीत केव्हाच लाल पेनाने ‘बंद’ झालेला. आत एकच ओळ होती : ‘आपला अर्ज आम्ही भविष्यातील संधीसाठी जपून ठेवला आहे.’ खाली सही नव्हती, नुसता शिक्का होता, तोही उलटा मारलेला. मी वही काढली, ६३ पुढचं ‘बंद’ तसंच ठेवलं आणि ते पत्र त्याच पानात घातलं. मीही ते जपून ठेवलं आहे. प्रश्न असतील तर बाहेर भेटू, इथले दिवे घालवायचे आहेत म्हणतात.