लक्ष्मीबाईंची जोडाक्षरं

(दृश्य : गोदावरीचा काठ. पहाट. फक्त पाण्याचा आवाज.)

नाशिकजवळचं जलालपूर. इथल्या गोखल्यांची मनू, म्हणजे पुढच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८. शाळेचं तोंड तिनं कधी पाहिलं नाही. घरात धडे मिळाले ते सोवळ्याचे. आईच्या वडिलांना १८५७च्या धामधुमीत फाशी झाली आणि पुढे मनूच्या वडिलांना सोवळ्यानं असं पछाडलं, की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. धुतल्यावर मीठ उरायचं किती, हे त्या घरच्या बायकांनाच ठाऊक!

अकराव्या वर्षी लग्न झालं. मनूची लक्ष्मी झाली. नवरा नारायण वामन टिळक. कवी, लहरी, आज या गावी तर उद्या त्या. बायकोला अक्षरओळख त्यांनीच करून दिली. जोडाक्षरांशी मात्र तिचं कधी फारसं जमलं नाही.

१० फेब्रुवारी १८९५. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, ते ख्रिस्ती झाले. इकडे नवरा जिवंत असून घरावर सुतकाची कळा. पदरात लहानगा दत्तू. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्यामागे अहमदनगरला गेल्या खऱ्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं.

(दृश्य : तांब्यातून पेल्यात पडणारं पाणी. अगदी जवळून.)

मग एकदा महाबळेश्वरात त्यांच्या मनानं घेतलं, की जात काही देवानं केलेली नाही. आता कुणाच्याही हातचं पाणी चालेल. ज्या घरात मीठ धुतलं जाई, तिथली ही लेक. टिळकांनंतर पाच वर्षांनी त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

१९१९ साली टिळक गेले. येशूच्या चरित्रावरचं त्यांचं महाकाव्य, 'ख्रिस्तायन', दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. पुढचे ६४ अध्याय त्यांनी रचले. 'नवऱ्याचं अपुरं काम पुरं केलं' असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. आकडे मांडून बघा, मग 'पुरं केलं' हा शब्द फारच तोकडा वाटतो.

'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्राची गोष्ट तर आणखी मजेची. दत्तूला, म्हणजे देवदत्त टिळकांना, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. आईनं आठवणी सांगाव्यात, म्हणजे त्याला मजकूर मिळेल. पण आठवणी दुसऱ्याच्या पुस्तकात मावेनात. पहिला भाग १९३४ साली आला. बाईंचं वय सहासष्ट.

त्यात टिळक संत म्हणून मखरात बसत नाहीत. ते रुसतात, भांडतात, हातातले पैसे वाटून मोकळे होतात. आणि बाई नवऱ्याची फजिती सांगतात तितक्याच खुशीत स्वतःचीही. ओसरीवर गहू निवडता निवडता कुणी बोलत बसावं, तसं ते गद्य. ख्रिस्ती लेखन म्हटलं की आपण उपदेशाच्या तयारीनं बसतो. इथं उपदेश शोधावा लागतो. श्रद्धा येते ती त्या पाण्याच्या तांब्यातून.

२४ फेब्रुवारी १९३६ला त्या गेल्या. 'ख्रिस्तायन' त्यानंतर, १९३८ साली छापून आलं.

(दृश्य : दोन्ही पुस्तकांची मुखपृष्ठं. कॅमेरा हळूहळू नावांवर.)

'स्मृतिचित्रे'. 'ख्रिस्तायन'. दोन्हींचं पहिलंच अक्षर जोडाक्षर.