मुखवटा राहू द्या, हे पदक बघा!

नमस्कार मंडळी! इजिप्तचं सोनं म्हटलं की सगळे तुतनखामुनच्या मुखवट्याकडे धावतात. दहा किलोच्या वर सोनं आहे त्यात, धावणारच. पण सोनाराचा हात बघायचा असेल तर त्याच्या साधारण साडेपाचशे वर्षं आधीचा हा दागिना बघा.

राजा दुसरा सेनुस्रेत, त्याची कन्या सिथाथोरयुनेत, आणि हे तिचं पदक. रुंदी ८.२ सेंटिमीटर, उंची ४.५. तुमच्या एटीएम कार्डापेक्षाही जरा लहान. आणि एवढ्याशा जागेत खड्यांचे ३७२ तुकडे!

दोन्ही बाजूंना ससाणे, मध्ये राजाचं नाव, त्याखाली गुडघा टेकून बसलेला अनंतकाळाचा देव हेह. अर्थ असा, की सूर्यदेवानं राजाला लाखो वर्षांचं आयुष्य द्यावं. म्हणजे गळ्यात घातलेली प्रार्थनाच ही.

आता काम बघा. आधी सोन्याचा पत्रा आकारात कापायचा. त्यावर सोन्याच्या बारीक पट्ट्या उभ्या झाळून छोटी छोटी घरं करायची. मग प्रत्येक घराच्या मापाचा खडा घासून त्यात बसवायचा. आपल्या कुंदनकामात खडा ठेवून त्याभोवती मऊ सोनं दाबतात; इथे घर आधी तयार, खड्यानं त्यात मावायचं. झाळायची आच कशी, तर फुंकणीनं कोळसे फुलवून. जरा जास्त फुंकलं की पट्टीच वितळणार. पोलादी हत्यारं नाहीत, भिंग नाही. ससाण्याच्या पंखातली ही रांग बघा, पिसागणिक वेगळा तुकडा!

निळा लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा, फिरोजा सिनाईचा.

आणि हे मला सगळ्यात जास्त भावतं: पदकाची मागची बाजू. अंगाला टेकणारी, कुणाला न दिसणारी. तिथेही तीच सगळी नक्षी सोन्यात कोरलेली आहे.

इजिप्तमधल्या लाहूनला सिथाथोरयुनेतचं थडगं आहे, त्यात चोर शिरले होते. पण दागिन्यांच्या पेट्या भिंतीतल्या कोनाड्यात, पुराच्या गाळाखाली दबलेल्या. त्या सुटल्या. १९१४ साली ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ पेट्रींच्या उत्खननात गाय ब्रंटन यांनी तो घट्ट गाळ हळूहळू उकरून एकेक मणी बाहेर काढला. पेट्यांचं लाकूड कधीच कुजलं होतं.

पदक आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यांच्या संकेतस्थळावर फोटो आहे, मोठा करून बघा. सुरुवात पंखांपासून करा.