नाकात सापडलं, मानेत उमगलं

(दृश्य: काळोखी खोली, दाराच्या फटीतून आत येणारा पुसट धूर)

कुठेतरी काहीतरी जळतंय. डोळ्यांना अजून काही दिसलेलं नाही, पण नाकाला खबर लागली आहे.

नाकाच्या पोकळीत अगदी वर, छताशी, एक लहानसा ओलसर पट्टा असतो. तिथे लाखो चेतापेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या टोकाला केसाहूनही बारीक तंतू असतात. हवेबरोबर आत आलेला गंधाचा रेणू तिथल्या द्रवात विरघळतो आणि एखाद्या तंतूवरच्या गंधग्राहकाला जाऊन चिकटतो. माणसाकडे असे सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राहक आहेत. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. त्यासाठी २००४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

रेणू चिकटला, तरी तो आहे पेशीच्या बाहेर. आत बातमी पोहोचवणारं कोणीतरी हवं. हे काम ज्या प्रथिनाचं, ते गंधग्राहकांच्याही दोन वर्षं आधी हाती लागलं होतं. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डेव्हिड जोन्स आणि रँडल रीड यांनी ते उंदरांच्या घ्राणपेशींत शोधलं. त्याचं नाव जी-ऑल्फ. माणसात ते घडवणारं जनुक अठराव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवर आहे. ते जनुक म्हणजे जीएनएएल.

(दृश्य: पेशीच्या पापुद्र्याचं सजीवचित्रण, तीन तुकड्यांचं प्रथिन)

हे प्रथिन तीन तुकड्यांचं आहे: अल्फा, बीटा आणि गॅमा. यातला अल्फा तुकडा जीएनएएलचा. एरवी तो जीडीपी नावाचा रेणू धरून स्वस्थ बसलेला असतो. बाहेर गंध लागला, की तो जीडीपी सोडतो, जीटीपी नावाचा दुसरा रेणू उचलतो आणि सोबतच्या दोघांपासून सुटतो. सुटा झालेला अल्फा एका विकराला जागं करतो, तो विकर सायक्लिक एएमपी नावाचे रेणू भराभर तयार करतो, त्यांच्यामुळे पेशीच्या पापुद्र्यातल्या वाहिन्या उघडतात, सोडियम आणि कॅल्शियम आत शिरतात आणि विजेचा संदेश मेंदूकडे निघतो. हे सगळं निमिषात उरकतं. शिवाय अल्फा आपल्याजवळचा जीटीपी स्वतःच तोडतो आणि पुन्हा थंड होतो. स्वतःला बंद करण्याची ही सोय मला सगळ्यात देखणी वाटते.

कथा इथेच संपली असती, तर जीएनएएल हे गंधाचं एक जनुक म्हणून राहिलं असतं.

१९९८ मध्ये ॲक्सेल यांच्या गटाने हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. त्यांना गंध येत नव्हता, आणि तसं अपेक्षितही होतं. बहुतेक पिल्लं जन्मानंतर थोड्याच दिवसांत दगावली. जी थोडी जगली, ती मात्र स्वस्थ बसेनात. त्यांची सारखी पळापळ चालू. वास न येणाऱ्या प्राण्याने इतकं का धावावं?

(दृश्य: मेंदूचा आडवा छेद, मधला भाग उजळतो)

उत्तर मेंदूच्या आत खोलवर, स्ट्रायटममध्ये आहे. कोणती हालचाल करायची आणि कोणती दाबायची, याचा हिशेब जिथे होतो त्या यंत्रणेचा हा मोठा भाग. बाहेरची बातमी पेशीच्या आत नेण्याचं काम शरीरातल्या बहुतेक पेशींत जी-एस नावाचं भावंड-प्रथिन करतं. स्ट्रायटममधून बाहेर संदेश नेणाऱ्या पेशींत मात्र जी-एस नावापुरतंच असतं. तिथे सगळी भिस्त जी-ऑल्फवर. एका प्रकारच्या पेशींवर डोपामिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाचा डी-वन ग्राहक असतो, त्या हालचालीला मोकळीक देतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशींवर ॲडेनोसिन या दुसऱ्या रसायनाचा ग्राहक असतो, त्या हालचालीला आवर घालतात. दोन्ही ग्राहकांचं म्हणणं आत नेतं ते हेच प्रथिन.

जनुकाची एकच प्रत शाबूत असलेल्या उंदरांत जी-ऑल्फ निम्मं असतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा उंदरांना कॅफीन आणि ॲम्फेटामिन दिलं गेलं. दोन्ही द्रव्यं एरवी उंदराला पळायला लावतात. या उंदरांवर त्यांचा परिणाम फारच फिका पडला. म्हणजे निम्म्यावर भागत नाही.

माणसाच्या बाबतीत हेच २०१३ मध्ये समोर आलं. डिस्टोनिया असलेल्या काही कुटुंबांत जीएनएएलमधले बिघाड सापडले.

(दृश्य: पाठमोरी बसलेली व्यक्ती, मान हळूहळू एका बाजूला वळते)

डिस्टोनियात स्नायू मनाविरुद्ध आवळले जातात. जीएनएएलच्या आजारात सुरुवात बहुधा मानेपासून होते, आणि तीही अनेकदा तिशीच्या आसपास. मान एका बाजूला पिळली जाते, कधी तिला झटके बसतात. रुग्ण ती सरळ करतो, ती पुन्हा वळते. मानेच्या डिस्टोनियात एक चमत्कारिक गोष्ट दिसते: हनुवटीला किंवा गालाला बोटाचा नुसता स्पर्श केला, की पीळ काही वेळ सैल पडतो. बोटाला जोर लावावाच लागत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, माणूस विचारात बुडालाय.

जनुकाची एक प्रत बिघडली, तरी आजार होऊ शकतो. मात्र बिघाड असूनही आयुष्यभर धडधाकट राहिलेली माणसं याच कुटुंबांत भेटतात. दोन्ही प्रती बिघडलेल्या भावंडांचीही नोंद आहे. त्यांना आजार लहानपणीच जडला आणि अंगभर पसरला. अठराव्या गुणसूत्राची आखूड बाजू तुटून गेलेल्या काही रुग्णांनाही डिस्टोनिया होतो. तुटलेल्या तुकड्याबरोबर जीएनएएलही गेलेलं असतं, हे आता ध्यानात येतं.

मानेच्या डिस्टोनियाच्या बहुतेक रुग्णांत हे जनुक ठणठणीत असतं, त्यामुळे मान वळली म्हणून लगेच जीएनएएलवर बोट ठेवता येत नाही. जनुक दुरुस्त करणारा उपचार रुग्णांसाठी उपलब्ध नाही. आवळलेल्या स्नायूंत दर काही महिन्यांनी बोट्युलिनम या स्नायू सैल करणाऱ्या विषाची इंजेक्शनं देतात, त्याने पीळ सुटतो. तेवढ्याने भागलं नाही, तर मेंदूतल्या ग्लोबस पॅलिडस या भागात बारीक तारा बसवून विजेचे सौम्य स्पंद दिले जातात. जीएनएएलच्या रुग्णांनाही त्याचा गुण आल्याच्या नोंदी आहेत.