काळ्या पंजाची चिठ्ठी

न्यूयॉर्कची मलबेरी स्ट्रीट, 1900 नंतरची वर्षं. बेकरीवाल्याच्या दाराखालून एक चिठ्ठी आत सरकते. अमुक रक्कम, अमुक जागी, अमुक दिवशी. खाली खंजीर, कवटी आणि सहीच्या जागी काळा पंजा. पैसे पोचले नाहीत तर दुकानात डायनामाइट फुटे, नाहीतर घरातलं मूल नाहीसं होई.

1880 ते 1920 या काळात सुमारे 40 लाख इटालियन अमेरिकेत आले. 1904 मध्ये सुरू झालेल्या भुयारी रेल्वेचे बोगदे खोदणाऱ्यांत ते होते. माफियाची भीती मात्र सगळ्यांच्याच माथी लागली. 1891 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या तुरुंगात घुसून जमावानं 11 इटालियनांना ठार केलं. त्यांतले काही पोलीसप्रमुखाच्या खुनाच्या खटल्यात आदल्याच दिवशी निर्दोष ठरले होते.

भीती खोटी नव्हती. पण चिठ्ठी लिहिणारा इटालियन, तसा ती मिळणाराही इटालियनच. तो पोलिसांकडे जात नसे. पोलिसांना त्याची भाषा येत नसे, आणि खंडणीखोर बहुधा त्याच गल्लीत राहत असे.

ही अडचण नेमकी ओळखली ती न्यूयॉर्कचे पोलीस अधिकारी जोसेफ पेट्रोसिनो यांनी. ते स्वतः दक्षिण इटलीतल्या पादुला गावचे. त्यांच्या हाताखाली इटालियन बोलणाऱ्या पोलिसांचं पथक उभं राहिलं. 1907 च्या कायद्यानं वाट करून दिली: मायदेशी गुन्हा शाबीत झालेला माणूस अमेरिकेत आल्यापासून 3 वर्षांच्या आत सापडला, तर त्याला परत पाठवता येई. त्यासाठी तिकडच्या कोर्टातला शिक्षेचा दाखला लागे. गोम इथेच होती. दाखला इटलीहून येईपर्यंत मुदत टळायची. म्हणून 1909 मध्ये पेट्रोसिनो स्वतःच कागद गोळा करायला सिसिलीला गेले. दौरा गुप्त होता, तरी बातमी न्यूयॉर्कच्या पेपरात छापून आली. 12 मार्चच्या रात्री पालेर्मोच्या पियाझ्झा मरीना चौकात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

त्यांची वाट बरोबर होती. पुढच्याच वर्षी गायक एन्रिको कारुसो यांच्याकडे 15,000 डॉलर मागितले गेले. त्यांनी पोलिसांना कळवलं. ठरल्या जागी नकली पुडकं ठेवलं, आणि उचलायला आलेले पकडले गेले.

1924 मध्ये अमेरिकेनं दारच लोटून घेतलं. इटलीच्या वाट्याला वर्षाला 3,845 जागा. बेकरीवाला आणि खंडणीखोर, दोघांना एकच न्याय. टोळ्यांना तेव्हा पैसा मिळत होता तो 1920 पासूनच्या दारूबंदीमुळे. आणि शिकागोच्या चोरट्या दारूवर पकड बसवणारा अल कपोन कुठल्याही जहाजातून उतरला नव्हता. त्याचा जन्म 1899 मध्ये ब्रुकलिनमध्येच झाला होता.