आधी शाई बघा, मग पेन घ्या

[दृश्य: मोती चौकातली गर्दी, वह्या-पुस्तकांच्या दुकानाचा काउंटर]

जून उजाडला की साताऱ्यात मोती चौकापासून राजवाड्यापर्यंत वह्या-पुस्तकांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. रेनकोट, दप्तरं, कव्हरं, सगळ्यांची एकच घाई. या गर्दीत हल्ली एक गिऱ्हाईक हमखास दिसतं. सातवी-आठवीतलं पोर, हातात ऑनलाइन मागवलेलं नाहीतर मामानं वाढदिवसाला दिलेलं नवंकोरं शाईचं पेन, आणि प्रश्न एकच, "काका, याच्यात टाकायची शाई आहे का?" काका पेन उघडून बघतात, आत बोटाच्या दीड पेराएवढी प्लास्टिकची नळी असते, संपलेली. "ही कार्ट्रिज नाही येत बाळा आपल्याकडं, शाईची बाटली देऊ का?" पोर म्हणतं याच्यात बाटली चालत नाही, आणि निघून जातं. मग ते पेन कंपासपेटीत पडून राहतं, निब वाळते, वर्षभरानं कुणीतरी टाकून देतं.

पेन चांगलं असतं, पोराला लिहायची हौसही असते, अडतं ते फक्त शाईवर. म्हणून पहिलं पेन घ्यायच्या आधी एकच गोष्ट बघा, त्यातली शाई संपल्यावर दुसरी कुठनं आणणार. रंग, क्लिप, निबेवरची नक्षी हे सगळं त्याच्या नंतर.

[दृश्य: पांढऱ्या कागदावर ओळीनं ठेवलेल्या चार-पाच वेगवेगळ्या कार्ट्रिज]

आता या नळ्या बघा. लांबून सारख्याच वाटतात पण तोंडं वेगवेगळी आहेत. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या मोबाईलची चार्जरची पिन वेगळी असायची ना, अगदी तसं. ही सगळ्यात छोटी, साधारण 38 मिलीमीटर लांब, तिला म्हणतात शॉर्ट इंटरनॅशनल, हिच्यात शाई मावते साधारण 0.8 मिली. हिचीच लांब बहीण पण मिळते, तिच्यात जवळपास दुप्पट. पेलिकन, कावेको, फाबर-कास्टेल, श्नायडर, अशा बऱ्याच कंपन्यांच्या पेनांना हे तोंड चालतं. म्हणजे एका कंपनीची नाही मिळाली तर दुसरीची घाला, आणि नवशिक्यासाठी ही फार मोठी सोय आहे, हिच्याकडं दुर्लक्ष करू नका.

ही लॅमीची, टी-10 नावाची, लॅमीच्याच पेनात बसते. ही पार्करची, व्हेक्टर, बीटा वगैरे जी पेनं आपल्याकडं घरोघरी असतात त्यांना हीच लागते, दुसरी दाबून बसवायला गेलात तर एकतर बसणार नाही, नाहीतर बसल्यासारखी वाटेल आणि खिशात गळेल. जपानी पायलट, सेलर, प्लॅटिनम, या तिघांची तीन तोंडं. आणि यात अजून एक गंमत आहे, पायलटचं मेट्रोपॉलिटन हे पेन युरोपात एमआर नावानं विकतात आणि त्या एमआरला इंटरनॅशनल कार्ट्रिज बसते, मेट्रोपॉलिटनला मात्र पायलटचीच. दिसायला पेन तेच. त्यामुळं ऑनलाइन मागवताना फोटो बघून ठरवू नका, खाली बारीक अक्षरात कार्ट्रिजबद्दल काय लिहिलंय ते वाचा, आणि नसेल लिहिलं तर विकणाऱ्याला विचारा, विचारायला लाजायचं काय त्यात.

कार्ट्रिज बसवायचं काम एका मिनिटाचं आहे. तोंडाला पातळ पडदा नाहीतर बारीक गोळी असते, पेनाच्या आतल्या टोकावर नळी सरळ धरून दाबायची, खट् झालं की झालं. तिरकी दाबू नका आणि पिळू तर अजिबात नका. मग निब खाली करून पाच-दहा मिनिटं पेन उभं ठेवायचं, शाई जिभेतनं हळूहळू उतरते. निबेच्या खाली ती जी काळी पट्टी असते ना खाचांची, तीच जीभ, शाई खाली येते आणि तेवढीच हवा वर जाते, ही देवाणघेवाण तिच्यातनं चालते. नवीन पेन असेल तर पहिल्यांदा साध्या पाण्यानं धुऊन घ्या, कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं कधी कधी, आणि मग लोक म्हणतात पेनच खराब आहे. आणि लॅमी सफारी घेतलं असेल तर आत कार्ट्रिज आधीच असते, पण मध्ये एक कागदी रिंग असते, ती काढल्याशिवाय कार्ट्रिज फुटतच नाही.

[दृश्य: शाईच्या बाटल्या, एकात निब बुडवून कन्व्हर्टरनं शाई ओढणारा हात]

आता बाटलीकडं येऊया, कारण साताऱ्यात खरी सोय बाटलीचीच आहे. कॅमलची 60 मिलीची बाटली गावातल्या कुठल्याही जुन्या स्टेशनरीवाल्याकडं विचारा. कॅमलिन म्हणजे आपली मराठी माणसांनी उभी केलेली कंपनी, 1931 साली मुंबईत दांडेकर बंधूंनी सुरू केली तेव्हा आधी घोडा छाप शाईची पूड आणि गोळ्या विकायचे, पाण्यात कालवून शाई करायची, उंट नंतर आला. बंगळुरूची ब्रिल आहे, बंगालची सुलेखा आहे. हिशोब साधा आहे, 60 मिलीच्या बाटलीतनं 0.8 मिलीच्या 75 कार्ट्रिज भरतात. पंचाहत्तर! पाच-सहा कार्ट्रिजचा एक डबा येतो, तसे किती डबे लागतील ते तुम्हीच बघा, आणि प्लास्टिक किती ते पण.

मग कार्ट्रिजच्या पेनात बाटलीतली शाई घालायची कशी? दोन रस्ते आहेत. एक म्हणजे कन्व्हर्टर, कार्ट्रिजच्याच जागी बसणारी छोटी पिचकारी, मागं फिरवायचा खटका, निब शाईत बुडवून ओढायची की भरलं. पण कन्व्हर्टरचं तोंड पण त्या त्या कंपनीचंच लागतं, सफारीला झेड-28, पायलटला कॉन-40, पार्करला पार्करचा, इंटरनॅशनलवाल्यांना इंटरनॅशनल. पेन घेतानाच त्याच्याबरोबर कन्व्हर्टर मागवून टाका. थोडे पैसे जास्त जातात, पण तुम्ही त्या दुकानातल्या काकांच्या बाटलीवर कायमचे अवलंबून राहू शकता.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, तो म्हणजे संपलेलीच कार्ट्रिज परत भरायची. मेडिकलमधनं दोन मिलीची सिरिंज घ्या. सुई टोकदार असते त्यामुळं हे काम मोठ्या माणसानं करायचं, पोरांच्या हातात द्यायची नाही, प्रिंटरच्या शाईच्या किटमध्ये बोथट सुई येते ती मिळाली तर सगळ्यात उत्तम. कार्ट्रिज आधी पाण्यानं धुवा, आत पाणी मारायचं आणि झटकायचं, असं पाणी स्वच्छ येईपर्यंत. वाळू द्या. मग सुई तळापर्यंत नेऊन शाई हळू सोडायची, तळापासून भरत आलं की हवेचा बुडबुडा अडकत नाही, काठाच्या जरा खाली थांबायचं, तोंड पुसायचं, परत पेनात. संपलं काम. खाली जुना पेपर अंथरा म्हणजे झालं, आईची बोलणी वाचतात. काही वेळा भरून झाल्यावर कार्ट्रिजचं तोंड सैल पडतं, निबेजवळ शाईचा ओला वळसा दिसायला लागतो, की ती फेकायची आणि दुसरी धरायची. म्हणून पहिल्या डब्यातल्या रिकाम्या नळ्या टाकू नका, दोन-तीन ठेवा.

शाई कोणती, तर सुरुवातीला रॉयल ब्लू. ही पाण्यानं धुतली जाते, पेनात वाळली तरी पाण्यात बुडवून ठेवलं की सुटते, शर्टावर पडली तरी बऱ्यापैकी निघते. नवशिक्याच्या हातनं जे जे होणार ते सगळं ही शाई सहन करते. पण हिचा हाच गुण साताऱ्याच्या पावसात आडवा येतो. जुलैमध्ये पोवई नाक्यावर एसटीची वाट बघताना दप्तर भिजलं की रॉयल ब्लूमध्ये लिहिलेलं पान गेलंच समजा, नुसता निळा डाग उरतो. त्यामुळं प्रयोगवही, फॉर्म, सही, जे टिकायला हवं ते परमनंट काळ्या शाईनं लिहा, आणि परमनंट भरलेलं पेन मात्र महिनाभर तसंच ठेवून देऊ नका.

आता हे नीट ऐका. दुकानात शाईच्या शेल्फवर बाटल्या सारख्याच दिसतात, त्यातली ड्रॉइंग इंक, वॉटरप्रूफ लिहिलेली, ती टाकाची आणि ब्रशची शाई आहे, ती पेनात घातली की वाळून जिभेच्या खाचा कायमच्या बुजतात. स्टॅम्प पॅडची शाई नको, प्रिंटरची शाई नको, ती या पेनासाठी बनवलेलीच नसते. बाटलीवर फाउंटन पेनची शाई असं लिहिलेलं असायला पाहिजे. आणि शाई पुरवायची म्हणून तिच्यात पाणी घालायची जी सवय आहे ना काही घरांत, ती पण सोडा. शाईत बुरशी होऊ नये म्हणून औषध घातलेलं असतं, पाणी घातलं की ते पातळ होतं आणि बाटलीत तरंगायला लागतात पांढरे तंतू. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करू नका, रंग बदलताना आधी पेन धुवा, आणि बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचं धुणं फिल्टरच्या पाण्यानं करा.

[दृश्य: घाटातली वळणं, एसटीच्या खिडकीतनं दिसणारी दरी]

एक खास आपल्याकडची गोष्ट सांगतो. सातारहून महाबळेश्वरला जाताना आपण साधारण सहाशे मीटर वर चढतो, हवेचा दाब सात टक्क्यांच्या आसपास कमी होतो, आणि पेनात कोंडलेली हवा तेवढीच फुगते. कार्ट्रिज अर्धी रिकामी असेल तर आत हवा 0.4 मिली, ती फुगून बाहेर ढकलणार जेमतेम 0.03 मिली, म्हणजे एक थेंबसुद्धा नाही, तेवढं जीभ आपल्या खाचांत सांभाळून घेते. पण आजोबांचं ड्रॉपरनं भरायचं जुनं पेन असेल, सगळी नळीच शाईची टाकी, तिच्यात दोन मिली हवा असली तर 0.15 मिली शाई बाहेर, म्हणजे तीन थेंब, तेही पांढऱ्या शर्टाच्या खिशात. नवशिक्यानं ड्रॉपरच्या पेनाच्या आधी कार्ट्रिज-कन्व्हर्टरच्या पेनावर हात बसवावा असं मी म्हणतो त्याचं हे एक कारण आहे. घाट चढताना पेन कुठलंही असो, निब वर करून उभं ठेवा, म्हणजे निबेजवळ हवा राहते आणि फुगली की नुसती हवाच बाहेर जाते. आणि शक्य असेल तर निघताना शाई पूर्ण भरून घ्या, आत हवाच नसेल तर फुगणार काय?

मे महिन्याच्या सुट्टीत पेन बंद राहणार असेल तर शाई काढून, पाण्यानं धुऊन, रात्रभर निब खाली करून फडक्यावर वाळवून ठेवा. धुतलेली रिकामी कार्ट्रिज पेनातच राहू दे, जूनमध्ये काकांकडं जाल तेव्हा कुठल्या तोंडाची लागते ते दाखवायला उपयोगी पडेल.